आबांनी सोडलेली एसटी

आबा नुसते खाकरले तरी सभेत टाळी पडायची. तीन वेळा आमदार झाले ते या आवाजावरच. मी त्यांचा स्वीय सहायक. सगळी भाषणं मला पाठ, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. राहात्यापासून जामखेडपर्यंत त्यांना बोलावणी असत, आणि भाषणाला नको म्हणणं आबांना कधी जमलंच नाही.

त्यांची एक रीत होती. गावात कुणी अर्ज दिला की तो माईकवर मोठ्यानं वाचायचा आणि तिथल्या तिथं जाहीर करायचं, "झालं समजा!" लोक खूश, आबा खूश, अर्ज माझ्या पिशवीत. पुढं त्याचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीच पहिला होतो.

चौथ्या निवडणुकीत आबा पडले. तरी लग्नात आशीर्वादाला आणि दहाव्याला श्रद्धांजलीला माईक त्यांच्याच हाती. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर असंच एका दहाव्याला बोलून ते खाली उतरले, तर एक बाई पुढं आली. पाया पडून म्हणाली, "आबा, मी सातवीत असताना तुमी आमच्या वस्तीला एसटी सोडली हुती. अजून आली न्हाई. माझी शाळा तितंच सुटली. आता पोरगी सातवीत हाय."

आबांनी मान खाली घालून तिलाच हात जोडले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "खरं सांग, मी आमदार म्हणून काय केलं?"

मी म्हणालो, "आबा, तुमच्यासारखं बोलणारा जिल्ह्यात नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझं ते उत्तर मला अजून टोचतं.

मग आबा एसटीच्या आगारात खेटे घालू लागले. साखरेच्या दुखण्यानं पाय सुजलेले, तरी बाकावर जाऊन बसायचे. कुणी म्हटलं, "आबा, एक फोन करा की," तर म्हणायचे, "फोन लई केले. आता बसून बगतो." आगारानं खराब रस्त्याचं कारण सांगितलं की बांधकाम खात्यात, तिथून कागद घेऊन पुन्हा आगारात. एक अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा सरकतो, हे त्यांना सत्तरीत कळलं. जूनमध्ये सकाळची एसटी सुरू झाली. नारळ फोडायला बोलावलं, तर गेले नाहीत. दिवाळीच्या आत आबा गेले.

त्यांच्या दहाव्याला पुढाऱ्यांनी भरभरून श्रद्धांजल्या वाहिल्या. सगळे त्यांच्या भाषणांवरच बोलले. एकानं तर हुबेहूब नक्कल केली, लोक हसले. एसटीचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या हाती माईक दिला, तो मी तसाच पुढच्याला दिला.

ती बाई अगदी मागं उभी होती. शेजारी शाळेच्या कपड्यातली मुलगी. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, आबांनी शेवटी तुमचं काम केलं."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"व्हय, पोरीचं केलं," ती म्हणाली. "मला बी शिकायचं हुतं, भाऊ."