सावलीची टेकडी

मेक्सिकोच्या जंगलातली माया लोकांची पडकी देवळं बघून आमच्या पायांचे तुकडे पडले होते. शेजारीच झाडीने भरलेली एक बुटकी टेकडी दिसली. सावली बघून आम्ही नवरा-बायको वर चढलो, आणि हिने पिशवीतून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. आमच्या गाईडबाई मात्र खालीच थांबल्या.

"या की वर!" मी हाक मारली.

"या मुलखात टेकड्या नाहीतच," त्या शांतपणे म्हणाल्या. "जमीन सगळी सपाट. तुम्ही बसलात ते आमच्या पूर्वजांचं घर आहे. अजून कुणी खणलेलं नाही."

घास तोंडातच राहिला. जिकडे बघावं तिकडे झाडांमधून तसेच उंचवटे. सकाळपासून मी हिरवळ म्हणून त्यांचेच फोटो काढत होतो. अख्खं गाव होतं ते! चुली, अंगणं, बाळंतिणीच्या खोल्या, सगळं मातीखाली. आणि वर बसून मी चटणीची बोटं चाटत होतो.

"अहो, उठा आधी," ही पुटपुटली. तिने चपला काढून हातात घेतल्या. मीही बूट काढले. मुळं टोचत होती, तरी अनवाणीच उतरलो.

खाली आलो, आणि चपला-बूट आता नेमके कुठे घालायचे, तेच कळेना.