अंत्याची तेवीस कार्डं

डॉ. अनंत फणसे यांच्या संशोधनाचा उल्लेख जगभरात तेवीस ठिकाणी झाला आहे, असं मी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. ते चूक होतं. किती चूक, ते कळलं आत्ता, अंत्या गेल्यावर. तो गेल्याचं त्याच्या थोरल्या बहिणीने, शकूताईने, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात फोन करून कळवलं. "पद्या, अंत्या पहाटे गेला. झोपेतच. आणि तुमची दोन पुस्तकं आहेत इथे, सवडीने घेऊन जा." मी विचारलं, "नंबर काय आहेत पुस्तकांचे?" मित्राच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे...

आम्ही दोघे ठाण्याच्या एकाच शाळेतले. पुढे तो मुंबईच्या एका संस्थेत आंतरराष्ट्रीय व्यापाराचा अर्थशास्त्रज्ञ झाला आणि डोंबिवलीला दोन खोल्या घेऊन राहिला. लग्न केलं नाही. शकूताई एकटी पडल्यावर त्याच्याकडे आली. दर शनिवारी संध्याकाळी तो ठाण्याला उतरायचा. तलावपाळीला आमच्या दोन फेऱ्या व्हायच्या, शेंगदाणे माझे आणि बोलणं त्याचं. वीस वर्षं त्याने आयात परवान्यांवर काम केलं. परवाना कोणाला मिळतो, न मिळाला तर कारखान्याचं काय होतं, हेच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने परवाने हटवायला घेतले, तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. "तू म्हणत होतास तस्संच झालं की रे." तो थोडा चालला आणि म्हणाला, "हो. पण मी म्हणत होतो, हे कोणाला माहीत आहे?"

त्याच सुमारास त्याच्या संस्थेत प्राध्यापकाची जागा निघाली. तुमचं संशोधन इतरांनी कुठे वापरलं याचा पुरावा अर्जासोबत मागितला होता. त्या काळी ही मोजदाद हाताने करावी लागे. कोणी कोणाच्या लेखाचा उल्लेख केला याचे जाडजूड खंड असत, आत मुंगीएवढी अक्षरं. "मी आहे ना," मी म्हणालो. आता, आम्ही ग्रंथपाल लोक वर्षअखेरीला पुस्तकं मोजतो ती पाठीवरून, उघडून बघत नाही. तसाच मी फोर्टातल्या एका ग्रंथालयात भिंग घेऊन तीन शनिवार बसलो. फणसे, ए. एन. दिसलं की एका जुन्या कॅटलॉग कार्डावर एक ओळ उतरवायची. एकदा अंत्या येऊन शेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "पद्या, माझा एखादा लेख वाचलायस तू?"

"मोजतोय ना मी. मध्ये बोलू नकोस, चुकेल."



तेवीस भरले, तसा दाखला लिहून मी कार्डांसकट त्याला दिला. आकडा ऐकून त्याने चष्मा काढून पुसला, नुसतं "इतके?" म्हणाला. जागा काही त्याला मिळाली नाही. राजकारण, दुसरं काय, असं मी पुढे सात-आठ वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत माझ्या व्याह्यांशी मी त्याची ओळख करून दिली, तीही कर्ण्यावरच्या गाण्यापेक्षा मोठ्याने ओरडून, "हे माझे मित्र, तेवीस ठिकाणी उल्लेख आहे यांचा." अंत्या हातातल्या प्रसादाकडे बघत उभा होता. मला वाटलं, लाजतोय.

गेल्या आठवड्यात पुस्तकं आणायला डोंबिवलीला गेलो. त्यांच्याखाली बुटांचं एक खोकं होतं आणि त्यात माझी तेवीस कार्डं. एकोणीस कार्डांवर लाल पेन्सिलीची फुली, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हा मी नव्हे'. याच आडनावाचे, याच आद्याक्षरांचे कोणी गृहस्थ अमेरिकेत लहान मुलांच्या अंगठा चोखण्यावर संशोधन करत होते. नियतकालिकाचं नाव माझ्याच हाताने मी कार्डावर उतरवलं होतं, पण वाचतोय कोण? उरलेल्या चारपैकी तीन कार्डांवर लिहिलं होतं, 'हा मीच'. म्हणजे स्वतःच्या लेखात स्वतःचाच उल्लेख. शेवटच्या कार्डावर काहीच नव्हतं. नॉर्वेतल्या कोणा बाईंनी एका तळटीपेत त्याचं नाव घेतलं होतं. त्या एकाच कार्डाचे कोपरे हाताळून मऊ झाले होते. खाली प्राध्यापकाच्या जागेच्या अर्जाची प्रत होती. तिच्यात लिहिलं होतं, 'उल्लेख : एक'.

शकूताई चहा करत होती तोवर मी त्या बाईंनी उल्लेख केलेला अंत्याचा लेख कपाटातून काढून त्याच्या खुर्चीत वाचत बसलो. अर्धा डोक्यावरून गेला. पण लेखात मध्येच वागळे इस्टेटमधला एक लेथवाला आला, परदेशी सुट्या भागासाठी अकरा महिने मशीन बंद ठेवून बसलेला. त्याच्याकडे अंत्याला मीच घेऊन गेलो होतो. पान उलटायच्या आधी तळटीप दिसली. ही भेट घडवून आणल्याबद्दल माझे आभार मानले होते, पूर्ण नावानिशी. छापून पंधरा वर्षं झालेली...

"शकूताई, माझा हिशेब चुकलाय हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मला का नाही बोलला?"

तिने कप माझ्यासमोर ठेवला.

"बोलणार होता. मग म्हणाला, नको, तो परत मोजायला बसेल."