खिडकीत कुणी नको

"जरा बाजूला व्हा" हे काका बोटांनी सांगायचे. रस्त्याच्या कडेला उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत सरकवायची. वरच्या खिडकीतली बाई निमूट मागे व्हायची. फोटो निघाला की काका तिला हात जोडायचे. कुणी भांडायला खाली आलंच, तर त्यांचा तो दमलेला कारकुनी चेहरा बघून त्यालाच कानकोंडं व्हायचं.

शांती नगरात माझं फोटो प्रिंट करून फ्रेम बसवायचं दुकान आहे. निवृत्त झाल्यापासून काका तिथे पडीक असायचे. ते फक्त खिडक्यांचे फोटो काढायचे, पण त्या खिडक्या आहेत हे सांगावं लागे. ग्रिलचे गज, गंजाचा ओघळ, काचेत अडकलेलं अर्धं आभाळ. मोठी प्रिंट काढली की नुसते रंगांचे पट्टे. तुम्ही बेव्हर्ली पार्ककडे कधी नवा फ्लॅट बघायला गेला असाल, तर सॅम्पल फ्लॅटमध्ये सोफ्याच्या मागे असलं काहीतरी टांगलेलं तुम्हीही पाहिलं असेल. त्यातलं एखादं आमच्या काकांचं असणार. इंटीरियरवाल्यांना सोफ्याला जुळणारा रंग हवा असायचा. काकांना वाटायचं, लोकांना कला कळायला लागली. मी कशाला बोलू?

एकदा मात्र न राहवून मी म्हणाले, "काका, एखादं माणूस असू द्या की फोटोत. जरा जिवंत वाटेल."

"माणूस आला ना ताई, की लोक माणूसच बघतात. खिडकी गेली मग."

त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला फोटो त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीचा होता, समोरच्या गच्चीवरून काढलेला. डावीकडे उन्हाने पांढरी झालेली काच, उजवीकडे जांभळा पडदा आणि त्यावर ग्रिलची सावली. "जांभळा अजून थोडा उठू द्या, ताई," म्हणून त्यांनी मला किती प्रिंटा वाया घालवायला लावल्या, विचारू नका.

त्या फोटोची हकीकत काकूंनी सांगितली होती. काकू म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याला जेवायला हाक मारायला दुकानात यायच्या आणि स्वतःच गप्पांना बसायच्या.

"मी भांडी घासतेय, तर हे समोरून हातवारे करतायत. मला वाटलं, काय झालं काय! तर म्हणे सरक."

"मग सरकलात?"

"न सरकून सांगते कुणाला? ओट्याखाली बसले. भाजी जळाली ती वेगळीच." मग नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "एकदा माझापण काढा म्हणलं, तर काय म्हणतात, तुझा काय, कधीपण निघेल."

काका हसले. मीही हसले. बोलणं तसं हसण्यासारखंच होतं.

आणि एका दुपारी काकू गेल्या. आजारपण नाही, काही नाही, ओट्यापाशीच कोसळल्या. काका पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले. "ताई, पुण्यानुमोदनाला फोटो ठेवावा लागेल. लोक फुलं वाहायला येतील. हिचा एक शोधून द्या."

आम्ही शोधत बसलो. खिडक्या, खिडक्या आणि खिडक्या. लग्नाचा अल्बम गोडदेवच्या जुन्या खोलीत पाणी शिरलं तेव्हाच गेलेला. नातेवाइकांकडून मोबाइलवर फोटो मागवले. त्यात काकू कुठे पाठमोऱ्या, कुठे पंगतीत वाढताना वाकलेल्या. शेवटी आधार कार्डवरचा फोटो मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

"हेपण ॲब्स्ट्रॅक्टच झालं की, ताई," काका म्हणाले. मी प्रिंटरकडे तोंड फिरवलं.

हल्ली फोटो साफ करून देणारी ॲप निघाली आहेत, त्यातून तो काढून पाहिला. एक गोरीपान, टवटवीत बाई तयार झाली. काका तिच्याकडे बघत राहिले. "ही कोण?" त्यांनी विचारलं. मग दुकानाच्या भिंतीवरच्या जांभळ्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती द्या."

पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने बसली होती. टेबलावर बुद्धमूर्तीशेजारी, जिथे काकूंचा चेहरा असायला हवा होता तिथे, ती खिडकी. तिला मोगऱ्याचा हार.

"खिडकीला कुठं हार घालतात का?" मागे कुणीतरी कुजबुजलं.

काकांनी ऐकलं. "हा काढला तेव्हा ती आतच होती," ते शांतपणे म्हणाले. वंदना झाली, लोक मान खाली घालून फुलं वाहू लागले.

काकूंची थोरली बहीण परभणीहून उशिरा पोचली. फुलं हातात धरून ती फ्रेमसमोर उभी राहिली, वाकली, आणि जांभळ्या भागावर तिने बोट ठेवलं.

"अगं बाई, ही तर तिची साखरपुड्याची साडी. हिचा पडदा शिवला होय तिनं?"

काका पुढे झाले. "कुठली साडी?"

"तुम्हीच पसंत केली होती की, दाजी."

काका स्वयंपाकघरात गेले. मला भीती वाटली म्हणून मीही मागोमाग गेले. खिडकीवर पडदा होता तसाच होता, कडेला तेलाचे डाग, खालच्या बाजूला विटलेला जरीकाठ. काकांनी काठ बोटांत धरून पाहिला, मग पडदा तोंडाशी नेला.

"ताई," ते म्हणाले, "मी हा नुसता रंग म्हणून बघत होतो हो."