जहाजावर न पोचलेला निरोप

कामिनी ढोले समुद्रपक्षी मोजायची. मानेवाड्यातल्या बायका तिच्या आईला, यमुताईंना, हसून विचारायच्या, "नागपुरात राहून समुद्राची नोकरी?" यमुताई म्हणायच्या, "पाखरं जिकडं, तिकडं पोरगी."

मुंबईपासून दूर, भर समुद्रात तेल आणि वायूच्या विहिरी आहेत. त्यांचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हे पाहायला एका संस्थेचं जहाज जाई. ठरलेल्या रेषेवरून जहाज सावकाश चाले. कामिनी डेकवर उन्हात उभी राहून सुरय आणि कुरव पक्षी वहीत टिपायची. विहिरींजवळ किती, लांब किती.

त्या फेब्रुवारीत पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. एक सुरय पक्षी डेकवर येऊन पडला, पंख चिकटलेले, चोच उघडी. कामिनीनं त्याला भांड्यांच्या साबणानं हलकेच धुतलं, ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं. दुपारी तो मेला. तिला आईशी बोलावंसं वाटलं. जहाजावरच्या फोनवरून तिनं घरी लावला. वडिलांनी, रुपरावांनी, उचलला.

"आई कुठं हाय बाबा?"

"झोपून राहिली."

"भरदुपारी?"

"थकली हाय. तू आपलं काम कर."

यमुताई आदल्या दिवशीच गेल्या होत्या. स्वयंपाकघरात कोसळल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रुपरावांची उमर कळमेश्वरच्या कारखान्यात गेलेली, समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पोरीला सांगून करायचं काय? तिथं तिच्या जवळ रडायलाही आपलं कोणी नाही. नातेवाइकांनाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं. पुढच्या फोनच्या वेळी आई देवळात गेली होती, त्याच्या पुढच्या वेळी शेजारी.

तेरवी उरकल्यावर, जहाजाची फेरी संपवून कामिनी नागपूर स्टेशनवर उतरली. वडिलांचं भादरलेलं डोकं पाहिलं आणि तिच्या हातातली बॅग सुटली.

"काहून नाही सांगितलं बाबा?"

"कशी आली असती वं तू? पाण्यावर का रस्ता असते?"

रस्ता होता. विहिरींवरच्या माणसांची ने-आण करायला रोज हेलिकॉप्टर येई. निरोप मिळता तर दुसऱ्या दिवशी ती घरी असती, आईचं तोंड पाहती. हे सगळं ओठांपर्यंत आलं. पण गर्दीत रुपराव तिचं मनगट घट्ट धरून उभे होते. तिनं पडलेली बॅग उचलली.

घरीही बरेच दिवस बोलली नाही. ताट वाढायची, उठून जायची. रुपराव अर्धी पोळी खाऊन हात धुवायचे. एका सकाळी मेथी निवडता निवडता ते थांबले.

"खरं सांग वं. तुले येता आलं असतं का?"

कामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभरात गालफडं बसली होती.

"नसतं आलं बाबा."

"कोणत्याच रस्त्यानं?"

"नाही."

रुपरावांनी मान हलवली आणि ते तिच्यासमोर पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडले. कामिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला स्वतःला मात्र न्हाणीत जाऊन, नळ मोठा सोडून रडावं लागलं.

पावसाळ्यानंतर ती पुन्हा जहाजावर गेली. आता रुपरावच फोनवर चौकशी करतात.

"आज पाखरं दिसली का?"

"कमी दिसली बाबा."

मग ते म्हणतात, "जेवून घे."