दुसऱ्या रात्रीचा रकाना

वंदनाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी रीडिंगहून लंडनला निघालेल्या ट्रेनमध्ये होतो. मांडीवर लॅपटॉप, त्यावर तुरुंगांची वार्षिक प्रतवारी. त्यांची मुलगी लीना एवढंच म्हणाली, "दादा, आई सकाळी गेली..." समोरच्या हिरव्या-लाल चौकोनांवर मी लॅपटॉप मिटला. त्याला आता पाच आठवडे झाले.

तुरुंगांना मार्क देणं हे माझं काम. कोणता तुरुंग किती सुरक्षित, सुटलेला माणूस बाहेर कितपत रुजतो, हे आकड्यांत बसवायचं. वंदनाताई हाउन्सलोला राहायच्या. विमानतळावरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्या एका तुरुंगावर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांमध्ये दाखल झाल्या. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, लंडनमधल्या कॅमडेनच्या स्मारक झालेल्या घरी आमची ओळख झाली. माझं काम ऐकून त्यांनी विचारलं, ज्याला मार्क देतोस त्या तुरुंगात कधी पाऊल ठेवलंयस का? मी ठेवलं नव्हतं.

मग रीतसर परवानगी काढून त्यांनीच मला नेलं. सुतारकामाच्या वर्गात शिक्षक नव्हता. तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि दारातला ऑफिसर त्यांची हजेरी मांडत होता. तेच तास माझ्याकडे 'उपयुक्त काम' म्हणून यायचे आणि मी त्यांना हिरवा रंग द्यायचो. तिथे कीथ भेटला. वय पन्नाशीचं, वाचता येत नव्हतं. मुलीची पत्रं तो ताईंकडून वाचून घ्यायचा. आवडलेलं वाक्य पुन्हा वाचायला लावायचा.

कीथ एका शुक्रवारी सुटला. मंगळवारी तो ताईंना हाउन्सलोच्या बसस्टेशनवर दिसला, सगळं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत. हॉस्टेलमधली खाट एका रात्रीपुरतीच होती. ताईंनी तिथूनच मला फोन लावला. आम्ही सुटकेची पहिली रात्र तेवढी मोजतो, मी म्हणालो. म्हणजे आमच्या लेखी कीथला निवारा मिळाला.

"आणि दुसरी रात्र?" त्यांनी विचारलं.



ताईंनी हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. भाषा जरा मवाळ करा, असं त्यांना सुचवण्यात आलं. त्यांनी एक शब्द बदलला नाही. रिपोर्टला द्यायच्या उत्तराचा मसुदा नेमका माझ्याच टेबलावर आला... आणि मी तो लिहिला. 'आपल्या निरीक्षणांची काळजीपूर्वक नोंद घेतली आहे.' स्वयंसेवक म्हणून ताईंची मुदत संपल्यावर ती वाढवली गेली नाही. पत्राखाली सही साहेबांची होती, तरी ताईंचा फोन आलाच.

"ते पत्र तू लिहिलंस ना, मिलिंद?"

"हो."

"वाटलंच. इतकं गुळगुळीत इंग्रजी आपल्यासारखा बाहेरून आलेला माणूसच लिहितो." मग म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये."

मी गेलो नाही. त्याऐवजी दुसऱ्या रात्रीचा रकाना वाढवावा, असा प्रस्ताव दिला. तो आमच्या कक्षेत येत नाही म्हणून परत आला. पुढच्या यादीत तोच तुरुंग एक पायरी वर चढला. ऑफिसात हिरव्या आयसिंगचा केक आला, टाळ्या वाजल्या. मीही एक तुकडा खाल्ला. त्या तुकड्याची मला आजही किळस येते. चाकू धरणाऱ्या हातांची येते, त्याहून जास्त माझ्या जिभेची.

ताईंच्या आजारपणाचं मला उशिरा कळलं. मग जाऊ, जाऊ म्हणत राहिलो...

अंत्यविधीला कीथ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याच्याकडूनच कळलं, की मुदत संपल्यावर, कैद्यांशी बाहेर संबंध न ठेवण्याचा तुरुंगाचा नियम लागू राहिला नाही तेव्हा, ताईंनी त्याला घरी आणलं होतं. कौन्सिलचा फ्लॅट मिळेपर्यंत तो सात महिने तिथे राहिला. त्याच्यानंतर आणखी दोघं राहून गेले.

गेल्या रविवारी लीनाने मला ती वरची खोली दाखवली. एका माणसापुरती खाट, खिडकीत दिवा, उशीवर घडी घातलेला टॉवेल. दाराला आतून कडी होती. ती ताईंनी मुद्दाम बसवून घेतली होती. वर्षानुवर्षं बाहेरून कोंडलेल्या माणसाला दार आतून लावता यायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

"उद्या एकजण येतोय," लीना म्हणाली. "मी चादर बदललाय."

मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. खाटेचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती खिडकीजवळ सरकवली.