गळ्यात पडून रडायची रीत

पहाटे नळ यायच्या आधी वहीचं एक पान लिहायचं, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. आदल्या दिवशी कानावर पडलेलं कोणाचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं. लोक म्हणत, बाईंना माणसांची कणव फार. मलाही तसंच वाटायचं. स्वतःचं कौतुक कोणाला कडू लागतं?

दिग्रसला आमच्या शाळेत खिचडी रांधायला जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई यायची. माझ्याच वयाची. पोरं जेवली की आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. ती बोलायची, मी ऐकायची. वहीतली निम्मी पानं तिचीच. तिलाही ते ठाऊक होतं. लिहा बाई, लिहा, म्हणून हसायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

मग ते साल आलं. कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करता करता माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली. डोळ्यांची आग, उलट्या. तिचा नवरा सकाळी पाठीवर पंप बांधून वावरात गेला, आणि चौथ्या दिवशी यवतमाळहून त्याचं प्रेतच घरी आलं.

मी तांड्यावर गेले. त्यांच्यात रीत आहे, भेटायला आलेल्या बाईच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, रडता रडता दुःख सांगायचं. आलेलीनंही तसंच रडून उत्तर द्यायचं. हे मला तिनंच ओट्यावर सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं.

तिनं मला घट्ट धरलं. अर्धं त्यांच्या गोरबोलीत, अर्धं आपल्या वऱ्हाडीत ती त्या पंपालाच विचारत होती, पाठीवर बसून गेलतास, माझा माणूस कुठे ठेवून आलास? काय ते शब्द! हे विसरता कामा नये, असं मनात आलं आणि मी एकेक ओळ घोकू लागले. जळो मेली माझी सवय.

ती मध्येच थांबली. मान मागे घेऊन तिनं माझ्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बाई, तुमी रडून नाही राह्यल्या," ती हळूच म्हणाली. "पाठ करून राह्यल्या."

महिन्याभरानं ती कामावर आली. खिचडी वाढायची, विचारलं तेवढं बोलायची, पण ओट्यावर कधी बसली नाही. मी माफी मागितली. काही नाही झालं बाई, म्हणाली. त्या ओळी मी कुठेच लिहिल्या नाहीत. विसरताही आल्या नाहीत.

दिवाळीनंतर ती कायमची लेकीकडे ढाणकीला निघाली. मी स्टँडवर गेले. निरोप घेतानाही त्यांच्या बाया अशाच गळ्यात पडून रडतात. मी हात पुढे केले, आणि खरं सांगते, मला हुंदका आवरेना. तिनं जवळ घेतलं नाही. खांद्यावर नुसतं थोपटलं.

"जा बाई," ती म्हणाली, "शाळा भरली असंल."

एसटी पुसदच्या रस्त्याला लागली. मी तिथेच उभी राहून मोठ्यानं रडले, पण उत्तर द्यायला आता कोणी नव्हतं.