लिव्याला किती वाजता निघायचं

"चार? पहाटे चार? दाजी, एवढ्या लवकर इथले उंटसुद्धा कूस बदलत नाहीत!"

माझा मेहुणा आमच्या हॉलच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज म्हणजे, इथे आखातात, आमच्या खलिफा सिटीत शिंकला तर शंभर किलोमीटरवरच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्याच फ्लॅटच्या काचा थरथरतील. पण पहाटेचा हट्ट माझा नव्हता. तो माझ्या बाबांचा होता, आणि ते सोफ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसले होते.

इथून दोन-अडीच तासांवरच्या लिव्याच्या वाळवंटात कुणी कलावंतांनी लोखंडाची प्रचंड शिल्पं उभी केली होती. एप्रिल संपला की ती हलवणार होते. बाबांचा व्हिजिट व्हिसाही त्याच सुमारास संपत होता. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना अर्धा सातारा जिल्हा त्यांनी एकट्याने बसवला, असं मी सांगतो; उरलेला अर्धा त्यांना घाबरून पास झाला. आता काचबिंदूने एक डोळा नेला होता. दुसऱ्यात दाराच्या फटीएवढा उजेड होता, आणि तोही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आल्यापासून बाबांनी मॉल मागितला नाही, समुद्र मागितला नाही. एवढंच म्हणाले, "त्या वाळूतल्या शिल्पांशी गाठ घालून दे."

पण आमच्यात सहल ठरते ती पोटाकडून. मेहुण्याने आखणी केली: सातला पोहे, मग निघायचं, वाटेत करक चहा, पोचल्यावर वीस मिनिटं शिल्पं, की लगेच सावली शोधून जेवण. शिवाय त्याने ऑफिसातली तीन कुटुंबं परस्पर जोडून घेतली. श्रीखंडच एवढं ठरलं, की वाळूत ओतलं असतं तर नकाशात नवी टेकडी दाखवावी लागली असती.

"वीस मिनिटं पुरणार नाहीत," बाबा म्हणाले.

"काका, बरं, अर्धा तास! फोटो मी काढतो ना!"

त्याच सकाळी मी बाबांना पाहिलं होतं. शिल्पाचा फोटो असलेला फोन त्यांनी डोळ्याला जवळजवळ चिकटवला होता आणि ते तो इंच इंच सरकवत होते. एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक हरवायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी दारातच थांबलो.

बायकोने समजुतीचा सूर लावला. "बाबा, दहापर्यंत पोचलो तर लख्ख ऊन असेल. तुम्हाला जरा तरी नीट दिसेल. पहाटेच्या अंधुक उजेडात काय दिसणार?"

"तेच म्हणतोय मी!" मेहुणा पुन्हा गरजला. "उजेड नको का? खलास! दहाला पोचायचं, यल्ला, चला, ठरलं!"

माझी मुलगी फोनमधून मान वर काढून म्हणाली, "बट आजोबा, व्हाय सो अर्ली?"

बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"दहाला लोखंड तापलेलं असतं," ते म्हणाले. "हात ठेवता येत नाही."